पोरीला कोण धरणार, ते आधी सांगा

प्रश्न असा आहे: "मुलगी दीड वर्षाची आहे. मी क्रोशे आणि मोत्यांचं काम करते, अधूनमधून ऑर्डरी येतात. घर, मूल आणि ही कलाकुसर यांचा मेळ कसा घालायचा? घरचे म्हणतात, मुलगी मोठी होईपर्यंत हे सगळं बाजूला ठेव."

ताई, बाजूला अजिबात ठेवू नका. मोठी होईपर्यंत म्हणजे नक्की कधीपर्यंत, हे त्यांनी सांगितलंय का? आधी दात यायचे असतात, मग चालायला लागते, मग बालवाडी, मग पहिलीचा अभ्यास, मग स्कॉलरशिप, मग दहावी. माझा मुलगा आता सातवीत आहे आणि आमच्या एका नातेवाईक बाईंच्या मते तो अजूनही पुरेसा मोठा झालेला नाही. त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच.

या प्रश्नाला मिळणारी उत्तरं मला पाठ आहेत. मूल झोपलं की करा, पहाटे उठा, वेळापत्रक भिंतीवर लावा. मूल झोपलं की ओट्यावर भांडी असतात, पहाटे उठलं तर डबे असतात, आणि भिंतीवरचं वेळापत्रक दीड वर्षाच्या पोरीला वाचता येत नाही. तुम्ही सुई हातात घेता तेव्हा पोरीला कोण धरतं, एवढं सांगा. त्याचं उत्तर "कोणी नाही" असेल तर बाकीचे सगळे सल्ले पाण्यात.

मी साताऱ्याची. लग्नाआधीपासून हलव्याचे दागिने करते, आईकडून शिकले. वर्षभर क्रोशे आणि थंडी पडली की हलवा. आता बहुतेक जणी तयार हलवा आणून नुसते दागिने बांधतात, त्यात काही वाईट नाही. पण तेव्हा माझा हट्ट होता की हलवासुद्धा घरचाच. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे हे काय प्रकरण असतं. साखरेचा पाक उकळताना त्यात चमचाभर दूध घालून मळी काढायची. परातीत खसखस मंद आचेवर घ्यायची, वर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. तो सुकला की पुढचा चमचा. आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात थांबला तर दाण्यांचा गोळा होतो. हे एका बैठकीत होत नाही, रोज थोडं थोडं करत दाणा वाढवायचा. थंडी कडक असली तर त्याला काटा येतो. तो काटा नुसता शोभेचा नसतो, पुढे दागिने बांधताना दोऱ्याची गाठ त्याच्यातच अडकते. काटा नसलेला दाणा गाठीतून सटकतो. म्हणून पहाटेची वेळ, आणि म्हणून एकदा बसलं की मधे उठायचं नाही.

मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. शाहूपुरीतल्या एका बाळाच्या बोरन्हाणाची ऑर्डर होती, अख्खा कृष्णाचा संच: मुकुट, बासरी, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, वाळे. सासू-सासरे गावी होते. घरी राहायला आल्या होत्या नवऱ्याच्या आत्या. निवृत्त शिक्षिका. दर 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला त्यांचं भाषण ठरलेलं, आणि भाषण खरंच चांगलं असतं, मी ऐकलंय. सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. त्या वर्षीही भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि पुढच्याच रविवारी हा प्रकार घडला.

नवऱ्याला धावण्याचा नाद आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली आणि आमच्या शहरातल्या अर्ध्या पुरुषांना आपण धावपटू असल्याचा शोध लागला. 21 किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. स्पर्धा पावसाळ्याच्या शेवटाला, पण सराव बारा महिने. रविवारी पहाटे पोवई नाक्यावर ग्रुप जमायचा आणि हे लोक घाट चढून यायचे. आल्यावर पोहे, चहा, मग पाय दुखतात म्हणून पडणं. सांगायचा मुद्दा असा की त्याच्या या छंदाला आठवड्यातली अख्खी एक सकाळ आमच्या घरानं कधीच देऊन टाकली होती. कोणी मागितली नव्हती, कोणी चर्चा केली नव्हती. "वडीलपण आणि धावणं यांचा मेळ कसा घालता?" असं त्याला आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही.

तर त्या रविवारी मी परातीपुढे बसलेली, खसखशीवर तिसरा-चौथा पाक चढत होता, बोटं साखरेनं पांढरी झालेली. नवरा दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. तेवढ्यात पोरगं उठलं आणि त्यानं भोकाड पसरलं. मी हलले नाही. आतून आत्यांचा आवाज आला, "अगं, पोर रडतंय." मी म्हटलं, "हो, ऐकू येतंय. मला परातीपासून उठता येणार नाही." त्या बाहेर आल्या, परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दुसरा बूट घालत असलेल्या भाच्याकडे मात्र त्यांची नजर गेली नाही. तो जणू घरात नव्हताच. म्हणाल्या, "साखर महत्त्वाची की पोरगं?"

मी एरवी उलट बोलणाऱ्यातली नाही. पण पहाटे चारपासून जागी होते. म्हटलं, "आत्या, घाट महत्त्वाचा की पोरगं, हेही एकदा त्यांना विचारा की."

घरात एकदम शांतता, फक्त पोराचं रडणं चालू. नवरा म्हणाला, "अगं, सगळे नाक्यावर थांबलेत." मी म्हटलं, "थांबू देत, नाहीतर जाऊ देत." आत्या म्हणाल्या, "तू जा रे, मी बघते." आणि इथे मला खरा राग आला, कारण त्यांचे गुडघे धरलेले. पोराला उचलणं त्यांच्याच्यानं होत नव्हतं हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तरी त्याला मोकळं करायचंच. मी परात फिरवत म्हटलं, "कोणी बघायला नको. ज्याचं पोर आहे तो घरात आहे."

त्यानं बूट काढले. पोराला शालीत गुंडाळून गच्चीवर नेलं. थोड्या वेळानं वरून हाक, "कोरडी चड्डी कुठंय?" माझी दहाही बोटं पाकात. म्हटलं, "कपाटात, शोधा." खाली आला तेव्हा पोराचं झबलं उलटं होतं, बंद पुढे आले होते, आणि पोरगं मजेत अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी बडबडत होतं. हलवा मात्र असा उतरला की आजही तसा काटा मला दर वर्षी मिळत नाही.

नंतर कधीतरी मी नवऱ्याला पेपरातले आकडे वाचून दाखवले. केंद्र सरकारची 2024 ची वेळेच्या वापराची पाहणी आहे: घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात, पुरुषांचे 88. आणि हे 88 म्हणजे जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी. जे हात लावत नाहीत ते त्या सरासरीत धरलेलेच नाहीत. तो म्हणाला, "मी तरी धरलेल्यातला आहे ना?" म्हटलं, रविवारपुरता.

आता आत्यांचं पुढचं ऐका. संक्रांतीनंतरच्या एका हळदीकुंकवाला तोच संच सगळ्या जणी हातात घेऊन बघत होत्या. आत्या छाती पुढे काढून, "आमच्या सुनेनं केलाय, हलवासुद्धा घरचा!" चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या वर्षी त्यांच्या नातवाचं बोरन्हाण निघालं आणि फोन आला, "तसाच संच करून दे, घरचंच आहे." मी बाहेरच्यांना सांगते तोच भाव सांगितला. "घरच्यांकडून पैसे घेतेस?" म्हटलं, साखर, खसखस, गॅस आणि माझे डोळे हे सगळं घरच्यांसाठी फुकट येत नाही. पैसे दिले त्यांनी, पण कसे? पाकिटात घालून भाच्याच्या हातात! काम माझं आणि पैसे त्याच्या खिशात. त्यानं पाकीट तसंच माझ्याकडे दिलं ही गोष्ट वेगळी. पण मी दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं उघडलं. आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला 1997 साली चेतना सिन्हांनी बायकांची बँक उभी केली ती काय उगाच? माण तालुक्यातल्या कष्टकरी बायकांना जे कळलं ते आम्हा शहरातल्या शिकलेल्या बायकांना उशिरा कळतं. ऑर्डरीचे पैसे घरखर्चात मिसळले की महिन्याअखेर ते दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या पैशांसाठी कोणी पोर सांभाळत नाही.

तेव्हा ताई, तुमच्या नवऱ्याचा काय छंद आहे, तो आधी शोधा. क्रिकेट असेल, ट्रेक असेल, सोफ्यावर पडून मोबाइल असेल. त्याला जेवढे तास न मागता मिळतात तेवढे तास ठरवून तुमचे करून घ्या, आणि त्या वेळात दार लावून बसा. त्याच खोलीत बसलात तर पोरगी बाबांच्या कडेवरून तुमच्याकडेच झेपावणार. चड्डी कुठंय याचं उत्तर दारातून देऊ नका.

कामाचं म्हणाल तर, क्रोशे धरलंय हे उत्तम केलंत. क्रोशेत एका वेळी एकच फास जिवंत असतो. पोरगी ओरडली तर त्या फासात सेफ्टी पिन अडकवा आणि उठा. आल्यावर साखळी-खांब, म्हणजे घातलेले टाके, मोजून पुढे चालू. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उघडे असतात, पोरानं सुई उपसली की मेहनत गेली. म्हणून टोपरी, मोजे, दुपटी क्रोशेवर घ्या. चौकोन विणून नंतर जोडायचं दुपटं सगळ्यात सोयीचं, एका झोपेत एखादा चौकोन होऊन जातो.

मोत्यांचं मात्र सांभाळून. दीड वर्षाचं मूल सापडेल ते तोंडात घालतं. मोती, बटणं, टिकल्या घशात अडकू शकतात. ते काम फक्त दार लावलेल्या वेळात, आणि उठताना फरशीवरून हात फिरवल्याशिवाय दार उघडायचं नाही. बाळांसाठी विकायच्या टोपऱ्यांवरही मोती लावू नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. आणि सध्या सगळ्या जणी करतात ते रेझिन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट करायचं ते पातळ रसायन, ते लहान मूल असलेल्या घरात नकोच. सुकेपर्यंत ते कातडीला त्रास देतं, वासही बरा नाही.

मी जोरात लिहिलं खरं, पण माझ्या बाजूनं बऱ्याच गोष्टी होत्या हेही सांगायला पाहिजे. नवरा कुरकुरला तरी बूट काढणारा निघाला, सगळ्यांचा निघत नाही. घर स्वतःचं होतं, दार लावायला एक खोली होती. संक्रांतीच्या ऑर्डरींवर घर चालायचं नव्हतं. नोकरी करणाऱ्या बाईला 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते. घरी बसून सुई चालवणारीला यातलं काहीही नाही. त्यामुळे पोरगी आजारी असेल, तुमची झोप होत नसेल, तर ऑर्डर सरळ नाकारा. नाकारताना कारण सांगत बसू नका. आणि शेगडीचं, पाकाचं काम मूल रांगता-चालता असताना एकटीनं घरात मुळीच करू नका. मी केलं तेव्हा दुसरं मोठं माणूस घरात होतं म्हणूनच भांडता आलं. या वर्षी करायचेच असतील दागिने, तर हलवा बाजारातून आणा, काटा बघून घ्या, आणि ओलसर हवेत सोडू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

घरच्यांना काय उत्तर द्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायचं होतं असं वाटतंय. वाद घालू नका. येत्या रविवारी सकाळी पोरगी नवऱ्याच्या हातात द्या आणि "दोन तासांनी येते" म्हणून आत जा. सासूबाई मधे पडल्या, "मी घेते" म्हणाल्या, तर त्यांना चहा करून बाहेर बसवा, पोरगी त्यांच्याकडे देऊ नका, निदान पहिल्या वेळी तरी. मग काय काय झालं ते इथे खाली लिहा. मला तुमच्या नवऱ्याचा छंद कोणता निघाला तेही वाचायचंय.