आधी ती बोट काढून टाका

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट फिरतेय. पोलंडच्या अनाथ मुलांची बोट बंदराबंदरांतून हाकलली गेली, मुंबईतही उतरू दिलं नाही. शेवटी जामनगरच्या महाराजांनी त्यांना उतरवून घेतलं आणि राजवाड्यात ठेवलं. सासूबाई म्हणतात, "छे, ती मुलं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला होती." लेकीला शाळेत यावर बोलायचंय. खरं काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या चुकल्या नाहीत, त्यांनी गोष्ट फक्त मधूनच धरलीय.

आधी ती बोट काढून टाका. १९४०-४१मध्ये सोव्हिएत सरकारनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. उपासमारीत आणि आजारांत कित्येकांचे आईबाप गेले. त्यांतल्या मुलांची पहिली तुकडी १९४२मध्ये आली ती ट्रकांतून, इराणमार्गे क्वेट्ट्याला आणि पुढे मुंबईला. मुंबईनं हाकललं तर नाहीच, उलट वांद्र्याला त्यांची तात्पुरती सोयही झाली.

आता राजवाडा. जामनगरहून पंचवीसेक किलोमीटरवर समुद्रकाठी बालाचडी आहे. जामसाहेब दिग्विजयसिंहजी (आपल्या क्रिकेटवाल्या रणजींचे पुतणे) उन्हाळ्यात तिथल्या महालात राहायला जात. त्या महालाजवळ मुलांसाठी बराकी उभारल्या आणि जुलै १९४२पासून मुलं तिथं राहू लागली. म्हणजे झोपायला बराकच, पण शेजार राजाचा. मुलं त्यांना 'बापू' म्हणत. मुलांनी पालकाच्या भाजीवर संप केला तेव्हा बापूंनी स्वयंपाक्यांना पालक करायचाच नाही असं सांगितलं, अशी आठवण सांगतात. आमच्या घरी असा जामसाहेब कधी जन्मला नाही. शेपू मुकाट्यानं गिळावाच लागे.

आणि वळिवडे? तिथं १९४३पासून मोठी छावणी होती, सुमारे पाच हजार पोलिश माणसांची. त्यांत बायका-मुलंच जास्त. १९४६मध्ये बालाचडी बंद झाली, तेव्हा तिथली उरलेली मुलं वळिवड्यालाच आली. म्हणून सासूबाईही बरोबर. १९४८मध्ये पोलिश लोक गेले आणि त्याच जागेत फाळणीतले सिंधी निर्वासित राहिले. तेच आपलं गांधीनगर. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता आम्ही तिथंच बांधला. दिवसभर शालू उलगडून बघितले, दुकानदाराचा चहा दोनदा प्यायलो, पण आपण कुठल्या जागेवर बसलोय हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मीही त्यांतलाच, आणि तेव्हा मी इतिहास शिकवत होतो!

लेकीला बालाचडी लांब पडेल. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, तो एखाद्या रविवारी दाखवून आणा. पण त्याआधी वही घेऊन तिला आजीजवळ बसवा. वळिवड्याचं त्यांना कुणी सांगितलं, त्यांनी स्वतः काय पाहिलं, हे आधी लिहून घेऊ दे. माझं उत्तर त्यानंतर वाचलं तरी चालेल.