‘जुगाड’ खटकतो, ‘उत्स्फूर्त’ पुस्तकी वाटतं. मग म्हणायचं काय?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : घरात हाताशी जे असेल त्यातून ऐनवेळी काहीतरी करून काम भागवायचं, आणि ते करताना मजाही यायची, याला मराठीत काय म्हणावं? इम्प्रोव्हायझेशन हा शब्द तोंडात बसत नाही. ‘जुगाड’ म्हटलं की किंचित लबाडीचा वास येतो. ‘उत्स्फूर्त निर्मिती’ म्हटलं की परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. आणि जाता जाता एक उपप्रश्न : तो जुगाड की ते जुगाड?

उपप्रश्न आधी निकालात काढू. दोन्ही ऐकू येतं. शब्द हिंदीतून आला, तिथे तो पुल्लिंगी आहे, म्हणून मी ‘जुगाड केला’ म्हणतो. पण ‘जुगाड केलं’ म्हणणारेही भरपूर आहेत आणि त्यांना हटकायला मी जात नाही. परका शब्द रुळताना लिंगाबाबत असा घोळ घालतोच.

लबाडीच्या वासाबद्दल मात्र तुमचं नाक बरोबर आहे. ‘तुटलेल्या खुर्चीचा जुगाड केला’ आणि ‘ॲडमिशनचा जुगाड केला’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात सुतारकी आहे, दुसऱ्यात वशिला. शब्द एकच असल्यामुळे दुसऱ्याची काजळी पहिल्याला लागते. तसं इम्प्रोव्हायझेशनचं मूळ अगदी सोज्वळ आहे. लॅटिनमध्ये इम्प्रोव्हिसुस म्हणजे आधी न दिसलेलं, अवचित समोर आलेलं. त्या शब्दाचा सगळा भर परिस्थितीवर आहे. हाताने काय केलं, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. त्यामुळे त्याचा शब्दशः प्रतिशब्द शोधत बसलो तर ‘अवचित’पाशी येऊन थांबू आणि काम अडलेलंच राहील.

आता आपल्या घरातले शब्द. युक्ती, क्लृप्ती, शक्कल, हिकमत. चौघांपैकी युक्ती मला सर्वांत आवडते, कारण ती ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूची. योग, युक्त, संयोग ही तिची भावंडं. एरवी एकत्र न येणाऱ्या दोन गोष्टी जोडून देणं हा अर्थ तिच्या पोटातच आहे. क्लृप्तीचं कुळही चांगलं : क्लृप्ती आणि कल्पना एकाच धातूपासून झाल्या आहेत. आज मात्र कल्पना कवीकडे गेली आणि क्लृप्ती वकिलाकडे, असा काहीसा वाटणीचा प्रकार झालेला दिसतो. हिकमत अरबीतून आली, तिथे तिचा अर्थ शहाणपण. मराठीत येताना ती शहाणपण डोक्यातून हातात घेऊन आली. ‘हिकमती माणूस’ म्हटलं की डोळ्यांपुढे हातात पक्कड असलेलाच माणूस येतो. तिच्या बरोबरीचा ‘हरहुन्नरी’ही फार गोड शब्द आहे, पण तो माणसाचं विशेषण आहे, कृतीचं नाव नाही.

या सगळ्या शब्दांची एक अडचण आहे. ते फक्त सुचण्याच्या क्षणाला नाव देतात. शक्कल लढवली, युक्ती सुचली, इथे वाक्य संपतं. त्यानंतर प्रत्यक्ष करताना जी खुडबुड होते, पहिला बेत फसतो, दुसरा अर्धा चालतो, मध्येच तिसरीच गोष्ट हाती लागते, त्याला या शब्दांत जागा नाही. तुम्ही विचारता ती मजा नेमकी या खुडबुडीत असते.

एक छोटं उदाहरण सावकाश पाहू. खणाची मूठ तुटली. तसा नवा नग मिळत नाही, आणि खण तर आत्ता उघडायचा आहे. मुठीच्या स्क्रूसाठी असलेलं भोक रिकामं आहे. त्यातून दोरी ओवली, आतल्या बाजूला गाठ मारली आणि ओढली. गाठ भोकातून सुळकन बाहेर आली. मोठी गाठ मारली तर ती दोन दिवसांत आवळून पुन्हा बारीक होणार. मग शिवणाच्या डब्यातलं बटण आठवलं. दोरी बटणाच्या भोकांतून घेऊन मागे गाठ मारली, आता बटण लाकडाला चकतीसारखं टेकलं आणि ओढ सगळ्या बटणावर वाटली गेली. खण उघडला. इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दोरीचं बाहेरचं टोक बोटाला काचतं म्हणून त्यात तुटलेल्या माळेतला एक लाकडी मणी ओवला. तो छान दिसला. म्हणून खालच्या खणाची धडधाकट मूठ काढून तिथेही दोरी आणि मणी!

या गोष्टीत मराठी कुठे कुठे कसं बदलतं ते बघा. दोरी ओवली, ती सोय. मागे बटण घातलं, ती युक्ती. काचू नये म्हणून मणी ओवला, तिथवर गरज होती. खालच्या खणाची चांगली मूठ काढली, तिथे गरज संपली आणि हौस सुरू झाली. हौस हा शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. हिंदीत त्याचं ‘हवस’ झालं आणि त्याला वासनेचा, हावरटपणाचा रंग चढला. मराठीत तोच शब्द इतका निरागस झाला की लहान मुलाच्या पायातल्या नव्या बुटांनाही चालतो. तुम्हाला ‘मजा’ वेगळी सांगायची असेल तर त्यासाठी हौसेपलीकडे जायचं कारण नाही.

आणि संपूर्ण प्रकाराला काय म्हणायचं? माझं उत्तर : नाम शोधू नका, क्रियापद घ्या. जमवणे. खणाशी झटणाऱ्या माणसाला ‘काय केलंस?’ विचारलं तर तो ‘मी उत्स्फूर्त निर्मिती केली’ म्हणणार नाही, आणि जुगाडसुद्धा थोड्या ऐटीतच म्हणेल. तो म्हणेल, ‘जमवलं कसंतरी.’ जमवणे म्हणजे गोळा करणे. दोरी, बटण, मणी यांची जमवाजमव त्यात आली. ‘जमतंय का?’ म्हणजे करता येतंय का. गाठ निसटण्यापासून खण उघडण्यापर्यंतची खटपट त्यात आली. शिवाय मैफल जमते, गप्पा जमतात, भट्टी जमते. तिथे जमणे म्हणजे ठरवून आणता न येणारी मजा अवचित येणं. गोळा करणं, करता येणं आणि रंगत येणं, असे तिन्ही अर्थ एकाच क्रियापदात सापडल्यावर मी तरी दुसरीकडे बघणार नाही. त्यातही ‘जमवलं’ आणि ‘जमून आलं’ यांतला फरक जपा. पहिल्यात श्रेय करणाऱ्याचं, दुसऱ्यात थोडं नशिबाचंही.

नाव दिल्याने सुचण्यावर परिणाम होतो का, असंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. होतो, आणि त्याचा एक सुंदर पुरावा मानसशास्त्रात आहे. कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं मेणबत्तीचं कोडं प्रसिद्ध आहे. त्याचं लेखन 1945 मध्ये इंग्रजीत आल्यावर ते सगळीकडे पोहोचलं. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेलं खोकं दिलं आहे. मेण खाली सांडू न देता मेणबत्ती भिंतीवर लावायची. उत्तर असं की खोकं रिकामं करायचं, तेच टाचण्यांनी भिंतीला ठोकायचं आणि वर मेणबत्ती उभी करायची. पुष्कळांना ते सुचत नाही, कारण टाचण्यांनी भरलेलं खोकं त्यांना फक्त ‘टाचण्या’ म्हणून दिसतं. 1966 मध्ये ग्लक्सबर्ग आणि वाइसबर्ग या दोघांनी या कोड्यात फक्त शब्दांची भर घातली. वस्तूंची नावं सुटी सुटी दिली, त्यांत खोक्याचंही नाव आलं, आणि लोकांना उत्तर लवकर सापडू लागलं. खोक्याला स्वतःचं नाव मिळालं आणि ते टाचण्यांपासून वेगळं झालं. शब्दांचा नाद असलेल्यांनी हा प्रयोग मिरवायलाच हवा.

त्याला जोडून आणखी एक. 2000 मध्ये जर्मन (हे आडनाव आहे, देश नव्हे) आणि डिफेटर या संशोधकांनी अशाच धर्तीचं कोडं मुलांना घातलं. खोकं भरलेलं असो वा रिकामं, पाच वर्षांच्या मुलांना फरक पडला नाही. सहा-सात वर्षांची मुलं मात्र भरलेल्या खोक्यापाशी मोठ्यांसारखीच अडखळू लागली. खोटं-खोटं खेळणाऱ्या मुलाला खोकं हे खोकंच असतं, असं कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या भाषेत या खेळासाठी ‘लुटुपुटूचा’ असा झकास शब्द आहे. मोठ्यांच्या खटपटीला तो लावून पाहायला हरकत नाही.

आता तुम्ही सुचवलेल्या ‘उपज’बद्दल. हा शब्द संगीतातला, स्त्रीलिंगी, आणि मराठीतल्या ‘उपजणे’चा सख्खा. गायकाला त्या क्षणी सुचलेली, आधी न बांधलेली जागा ती उपज. अर्थ बरोबर जुळतो, पण एक भान ठेवा : उपजेला रागाची चौकट आणि तालाचं बंधन असतं, कितीही लांब गेलं तरी समेवर यायचं असतं. तिच्यामागे वर्षांची तालीम असते. म्हणून खणाच्या दोरीला कुणी उपज म्हटलं तर मला ते जरा भरजरी वाटतं. त्यापेक्षा नाटकवाल्यांचं ‘पदरचं’ घरगुती कामाला जास्त शोभतं. संहितेत नसलेलं वाक्य नटाने आयत्या वेळी टाकलं की ते पदरचं वाक्य. कृतीप्रमाणे केलं आणि एक गोष्ट पदरची घातली, हे वाक्य स्वयंपाकापासून शिवणापर्यंत कुठेही चालतं.

काही वाक्प्रचार मात्र या कामाला घेऊ नका. ‘वेळ मारून नेणे’ बोलण्यातल्या पळवाटेसाठी आहे. तुमच्या सुतारकीचा तो अपमान होईल. ‘दुधाची तहान ताकावर’मध्ये हळहळ आहे, मजा नाही. ‘कामचलाऊ’मध्ये तर आधीच माफी मागितलेली असते. अपवाद एकच, ‘कोंड्याचा मांडा करणे’. मांडा म्हणजे बारीक पिठाचा, कसबाने पातळ केलेला पदार्थ. कोंडा म्हणजे चाळून टाकलेला भुसा. त्यातून हे करून दाखवणं! काटकसरीचा वाक्प्रचार म्हणून तो आपण शिकतो, पण त्यात कौतुकच जास्त आहे. मांडा घडतो, आणि चांगला घडतो. मनातले मांडे खाणाऱ्यांपेक्षा ही मंडळी फारच बरी.

तर तुमच्या वाक्याचं भाषांतर. ‘रोजच्या आयुष्यात इम्प्रोव्हाइझ करण्यातला आनंद’ असं तुम्हाला म्हणायचं आहे. मी ‘असेल त्यातून जमवण्याची हौस’ असं लिहीन. ‘आनंद’ मुद्दाम गाळला आहे, हौसेत तो येतो. आणि ‘रोजच्या आयुष्यात’ची गरज नाही, कारण जमवण्याची वेळ येते ती रोजच्याच आयुष्यात.