गणिताचे सर आणि संध्याकाळचा तबला

"मॅडम, मी मुलांना फसवतोय का?" बसल्या बसल्या सरांनी विचारलं. तालुक्याच्या गावात सातवीला गणित शिकवतात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). विषय पक्का. पण शाळा सुटली की पाय वळतात ते तबल्याच्या क्लासकडे. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "ज्याला गणिताचं वेड नाही, त्यानं गणित शिकवू नये." ते मनात रुतून बसलं होतं.

आवड एक, विषय दुसरा आणि त्यापायी अपराधीपण, असे शिक्षक सल्ल्यासाठी माझ्याकडे बरेच येतात.

गणिताचं मी काही विचारलंच नाही. म्हटलं, "परवा क्लासमध्ये काय झालं?" सर खुलले. झपतालातला एक तुकडा हातात बसत नव्हता. गुरुजींनी तबला बाजूला ठेवायला लावला. हाताने टाळी-खाली देत ताल धरायचा आणि नुसते बोल म्हणायचे, तेही विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत. चार दिवस एवढंच.

"राग नाही आला?"

"छे! चुकतंय कुठे ते तेव्हाच कळलं."

"आणि तुमच्या वर्गात मुलांचा लसावि (लघुतम साधारण विभाज्य) अडला की?"

सर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "तेच उदाहरण पुन्हा सोडवून दाखवतो. जरा मोठ्या आवाजात."

विषय येणं वेगळं आणि तो समोरच्याला कळेल असा मांडता येणं वेगळं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये ही फोड ठळकपणे मांडली. पहिलं सरांकडे होतंच. दुसरं ते रोज संध्याकाळी शिष्य म्हणून अनुभवत होते आणि शाळेत शिरताना चपलांसारखं बाहेर काढून ठेवत होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी अर्ध्या वर्गाला तीन मात्रांचं, म्हणजे तीन ठोक्यांचं, आवर्तन दिलं, अर्ध्याला चारचं. टाळी फक्त पहिल्या मात्रेवर. बारा मात्रा, म्हणजे तीन आणि चारचा लसावि, संपल्या आणि तेराव्या मात्रेवर अख्ख्या वर्गाची टाळी एकदम पडली. मग पाच आणि सहा घेतले, तर टाळ्या सुरू व्हायच्या आतच मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तीस!"

त्यानंतर मात्र सर वाहवत गेले. ऋण संख्यांना तबला, भूमितीलाही तबला. मुलं कंटाळली. मी स्पष्ट सांगितलं, तबला वर्गात आणायलाच हवा असं नाही, गुरुजींची विलंबित लय तेवढी आणा.

परवा सर पुन्हा आले. ऋण संख्यांच्या वजाबाकीवर तीन दिवस गेलेत, पोर्शन मागे पडलाय, मुख्याध्यापक विचारतायत. फसवणुकीचा विषय त्यांनी काढलाच नाही. आम्ही वही उघडली आणि उरलेल्या तासिका मोजायला बसलो.