सासूबाई एक ओळ गिळतात

'माझे पती कॅन्सरने गेले त्याला दीड वर्ष झालं. घरात नोव्हेना, म्हणजे नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, वेलंकणीला जाऊन नवस बोललो. काही झालं नाही. आता चर्चमध्ये मिस्साला बसले की मनात एकच येतं, ऐकणारं कुणी आहे का? कन्फेशनमध्ये सांगितलं, तर फादर म्हणाले, शंका हे सैतानाचं काम. सासूबाई रोज संध्याकाळी रोझरीची माळ जपायला बसवतात, नाही म्हटलं तर घर डोक्यावर घेतात. त्या स्वतः मात्र हल्ली "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" एवढं म्हणत नाहीत, वयाने विसरत असतील. माझाच विश्वास उरलेला नसताना मुलाला फर्स्ट कम्युनियनच्या, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गाला पाठवणं ढोंग नाही का?'
– एक वाचक, वसई

ताई,

वयाने विसरतात? जी बाई 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना लहानपणापासून म्हणत आली, ती आधीचं सगळं म्हणते, पुढचं सगळं म्हणते आणि नेमकी तेवढीच ओळ विसरते?

रोझरीत दर रहस्याच्या, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या दर प्रसंगाच्या, सुरुवातीला ही प्रार्थना येते. रहस्यं पाच. म्हणजे रोज संध्याकाळी निदान पाच वेळा तुमच्या शेजारी बसून त्या ओठ मिटून घेतात. ती ओळ म्हटली तर पोटचा पोरगा गेला ही देवाचीच इच्छा होती, असं कबूल केल्यासारखं होईल. ते त्यांच्याच्याने होत नाही. खोटं बोलायचं नाही, म्हणून त्या गप्प राहतात. तुमच्या घरात शंका घेणाऱ्या तुम्ही एकट्या नाही आहात, ताई. तुमच्याइतकीच शंका त्यांच्याही मनात आहे, आणि तिच्यासकट त्या रोज माळ हातात घेतात.

तुमचा नवरा गेला, हे मी विसरलेले नाही. तरी पत्र वाचून मला तुमचा राग आला. एवढ्या मोठ्या पत्रात सासूबाई फक्त ओरडताना दिसतात. त्यांचा मुलगा गेला, असं एक वाक्य तुम्ही लिहिलेलं नाही.

ती ओळ येशूने स्वतःही म्हटली आहे. गेथशेमाने बागेत, अटक व्हायच्या रात्री. पण कधी म्हटली ते बघा. आधी त्याने दुःखाचा हा प्याला टळू दे म्हणून बापाची विनवणी केली, जमिनीवर पालथं पडून केली. बायबलमधल्या मत्तयच्या सव्विसाव्या अध्यायात तो तीनदा प्रार्थनेला जातो. सोबत तीन शिष्य नेले होते, त्यांना म्हणाला होता, माझा जीव फार खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. परत येऊन बघतो तर तिघे झोपलेले. तासभरही जागं राहवलं नाही का, असं त्याने विचारलं ते त्यांना. दुसऱ्या दिवशी क्रुसावर त्यानेच 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' म्हणून हाक मारली. ज्या धर्माच्या मध्यभागी ही हाक आहे, त्यात तुमच्या प्रश्नाला जागा नाही असं कोण म्हणतं?

फादर म्हणाले ते मला मान्य नाही. येशू मेलेल्यांतून उठलाय यावर त्याचाच शिष्य थोमा याने शंका घेतली, त्यानंतर आठ दिवस तो त्याच मंडळींत होता. कुणी त्याला बाहेर काढलं नाही. येशू आला तो त्या सगळ्यांमध्ये आला आणि त्याने थोमाला जखमा दाखवल्या. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली, तेव्हा कळलं की अनेक वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता. हे सगळं माहीत असूनही चर्चने त्यांना 2016 मध्ये संतपद दिलं. कन्फेशनमध्ये तुम्हाला धीर मिळायला हवा होता, भीती नव्हे. एवढं पुरे. फादरांवर चिडण्यात आणखी महिने घालवू नका.

आज संध्याकाळी सासूबाईंनी बोलवायच्या आधी जाऊन त्यांच्या शेजारी बसा. ती ओळ आली की तुम्हीही गप्प राहा. त्यांना कळेल. माळ संपल्यावर त्यांचा हात धरा आणि म्हणा, 'आई, मलाही म्हणवत नाही.' पुढे काही समजावू नका, देव आहे की नाही हा वाद तर मुळीच काढू नका. त्या कदाचित ओरडतील. ओरडू द्या. रडल्या तर उठून जाऊ नका. लेकाचं काही बोलायला लागल्या, तर स्वयंपाक राहू दे तसाच, रात्री कितीही वाजू देत, ऐकत बसा.

मुलाला वर्गाला खुशाल पाठवा, त्यात ढोंग नाही. त्याने घरी येऊन विचारलं, 'मम्मी, पप्पांसाठी आपण एवढी प्रार्थना केली, मग देवाने ऐकलं का नाही?' तर त्याला गप्प करू नका. मलाही हेच विचारायचंय, म्हणून सांगा, आणि मग त्याला आजीजवळ घेऊन जा.