पासवर्ड बदलला, तेवढे पुरेसे आहे का?

प्रश्न : ‘तुमचे खाते २४ तासांत बंद होईल’ असा मेल मला माझ्या ईमेल सेवेच्या नावाने आला. घाईघाईत मी त्यातील लिंक उघडून पासवर्ड टाकला आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही दिला. पुढे नेहमीचीच मेलपेटी उघडल्याने शंका आली नाही. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला. आता निर्धास्त राहावे का? आणि ओटीपी असूनही फसवणूक कशी होऊ शकते?

उत्तर : इतक्यात निर्धास्त होऊ नये. पासवर्ड बदललात हे योग्यच केलेत. परंतु मधल्या दिवसभरात खात्यात शिरलेल्या माणसाने परतीची वाट उघडी ठेवलेली असू शकते. त्यामुळे प्रथम सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे आणि रिकव्हरीसाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक व पर्यायी ईमेल आपलाच आहे ना, हे पाहावे. त्यानंतर सेटिंग्जमधील फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडावेत, जिथे एरवी कोणी फिरकत नाही. येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत परक्या पत्त्यावर धाडणारा नियम तिथे लिहिलेला असेल, तर पासवर्ड कितीदाही बदलला तरी तो चालूच राहतो. आणि इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक याच मेलपेटीत येत असल्याने नुकसान एका खात्यावर थांबत नाही. तोच पासवर्ड अन्यत्र वापरला असल्यास तिथेही बदलावा.

आता ओटीपीविषयी. असे बनावट पान मध्यस्थासारखे काम करते : तुम्ही टाइप केलेला पासवर्ड आणि ओटीपी ते त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळाला पुरवते आणि झालेले लॉगइन स्वतःजवळही ठेवते. तुम्हाला नेहमीची मेलपेटी दिसली ती बहुधा यामुळेच. पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकाच्या स्क्रीन लॉकने लॉगइन करण्याची सोय) मात्र ज्या संकेतस्थळासाठी तयार केली, त्याच्याच पत्त्यावर चालते, म्हणून ती सोय असल्यास जरूर घ्यावी. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारे ॲप, हाही अनोळखी पत्त्यावर आपोआप पासवर्ड भरत नाही. तो गप्प राहिला तर आपणही हाताने टाइप न करता थांबावे.

अशुद्ध भाषेवरून बनावट मेल ओळखण्याचा जुना सल्ला मला आता भरवशाचा वाटत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी हवे ते नाव लिहिता येते, आणि पत्त्यात रोमन लिपीतील आर व एन ही छोटी अक्षरे शेजारी आली की मोबाइलच्या पडद्यावर ती एमसारखी भासतात. ब्राउझरमध्ये संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलूप एवढेच सांगते की वाटेत मजकूर कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसले आहे, हे त्यावरून कळत नाही. अशी सूचना आली की लिंकला हात न लावता ॲपमधून किंवा स्वतः पत्ता टाइप करून खात्यात जावे आणि ती तिथे दिसते का, ते पाहावे.