करार संपला, तरी कार्यालय चालू: अमेरिकेतल्या एनटीआयएबद्दल

प्रश्न: माझी लेक आणि जावई अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ नैर्ऋत्य भागात राहतात. जावई घरून काम करतात, पण तिथलं इंटरनेट फार धिमं आहे. सरकारी ब्रॉडबँड योजनेतून लाइन येईल, असं दोन वर्षं ऐकतो आहोत. आता लेक म्हणते, योजना राबवणाऱ्या कार्यालयाच्या कायद्याची मुदत कधीच संपली आहे आणि नवा कायदा संसदेत अडकलाय. मग ते कार्यालय चालतं कसं? ते बंद पडलं तर हिच्या लाइनचं काय? आपल्याकडेही असं होतं का? – एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर: सर, आधी काळजी दूर करते. कार्यालय बंद पडणार नाही.

लेक सांगते ते कार्यालय म्हणजे नॅशनल टेलिकम्युनिकेशन्स अँड इन्फर्मेशन ॲडमिनिस्ट्रेशन, एनटीआयए. वाणिज्य खात्याखालचं हे कार्यालय १९७८ मध्ये सुरू झालं. त्याचा आजचा मूळ कायदा १९९२ चा. त्यात पैशाला दिलेली मंजुरी थोड्याच काळापुरती होती. ती संपली आणि त्यानंतर संसदेने पूर्ण नूतनीकरण केलंच नाही.

आपल्याकडे अकरा महिन्यांचा भाडेकरार असतो ना, तसं समजा. करार संपला, पण मालक दर महिन्याला भाडं घेतो, पावती देतो, भाडेकरू राहतोच. अमेरिकेत कार्यालयाला मंजुरी देणारा कायदा वेगळा आणि दर वर्षीची निधीतरतूद वेगळी. तरतूद होत राहिली की पगार होतात, काम चालतं. अडचण येते ती भिंत गळायला लागल्यावर. दुरुस्ती कोणाची, हे बघायला हातात जुनाच कागद असतो.

तो कागद किती जुना आहे बघा. १९९२ मध्ये सामान्य माणसाच्या घरात इंटरनेट नव्हतं. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने याच कार्यालयाच्या हाती ब्रॉडबँडसाठी ४२.४५ अब्ज डॉलर दिले. त्यातले सुमारे १.४८ अब्ज व्हर्जिनियाच्या वाट्याला आले. हा पैसा २०२१ च्या कायद्यातून आलेला आहे, म्हणून नूतनीकरण अडकलं तरी तुमच्या लेकीच्या योजनेचा पैसा त्या कारणाने अडत नाही.

मग नवा कायदा हवा कशाला? इथे मी थोडी थांबते, कारण बावीस वर्षं मी मेरीलँडमध्ये रेडिओलहरींच्या मोजमापाचं काम केलं आणि हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

अमेरिकेत स्पेक्ट्रमचे, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यांचे, कारभारी दोन. खासगी कंपन्या, टीव्ही, मोबाइल आणि राज्य सरकारांच्या लहरी एफसीसी हा स्वतंत्र आयोग बघतो. लष्कर, हवामान खातं, विमानवाहतूक अशा केंद्र सरकारी खात्यांच्या लहरी एनटीआयए बघतं. एखादा पट्टा मोबाइल कंपन्यांना द्यायचा ठरला की सरकारी खात्यांचे आक्षेप गोळा करून एफसीसीपुढे मांडायचे, हे एनटीआयएचं काम.

ते नीट झालं नाही तर काय होतं, हे आपल्या लोकांनीही भोगलं. ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा पट्टा फाइव्ह-जीसाठी लिलावात गेला. विमान जमिनीपासून किती उंचीवर आहे हे सांगणारं रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ मध्ये, म्हणजे जवळच्याच पट्ट्यात चालतं, म्हणून त्यात अडथळा येईल अशी भीती होती. लिलाव पुढे ढकला, असं विमानवाहतूक प्रशासनाचं पत्र डिसेंबर २०२० मध्ये एनटीआयएकडे गेलं. ते एफसीसीच्या नोंदीत पोचलंच नाही. जानेवारी २०२२ मध्ये फाइव्ह-जी सुरू व्हायच्या दिवशी एअर इंडियाने अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली. कितीतरी आईवडील सामानाच्या बॅगा बांधून बसले होते.

म्हणून नूतनीकरणाच्या मसुद्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते प्रमुखाचं पद. आज तो सहायक सचिव आहे, मसुदा त्याला अवर सचिव करतो. समोर संरक्षण खातं किंवा परिवहन खातं बसलेलं असताना हुद्द्याला वजन लागतं, हे सरकारी बैठकीत बसलेल्या कोणालाही कळेल. पण हुद्दा वाढवला म्हणून पत्र आपोआप पुढे जाणार नाही. आक्षेप आला की तो अमुक वेळेत लेखी पुढे पाठवलाच पाहिजे, अशी सक्तीही कायद्यात हवी, हे माझं ठाम मत आहे.

असा मसुदा ओहायोचे रिपब्लिकन बॉब लॅटा आणि कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट डोरिस मात्सुई यांनी २०२३ मध्ये मिळून आणला. २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहाने तो मंजूर केला, सिनेटमध्ये मात्र तो मार्गी लागला नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्या संसदेची मुदत संपली आणि मसुदा बाद झाला. नव्या संसदेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या कार्यालयाचं चांगलं काम मी जवळून पाहिलं आहे. २००९ मध्ये अमेरिकेतला टीव्ही डिजिटल झाला तेव्हा जुन्या संचांसाठी लागणाऱ्या डब्याची ४० डॉलरची कुपनं एनटीआयएने दिली, घरटी दोन. मुदत नव्वद दिवसांची. शेजारच्या आजी एकट्या राहायच्या. त्यांचा अर्ज मी भरला, डबा आणून जोडला. पडद्यावर बातम्या दिसायला लागल्यावर त्यांनी माझा हात कितीतरी वेळ सोडला नाही. अशा कार्यालयाला भक्कम कायदा मिळावा, असं मला मनापासून वाटतं ते त्यामुळे.

आपल्याकडचं थोडक्यात सांगते. दूरसंचार नियामक ट्रायचा १९९७ चा कायदा मुदतीचा नाही, त्यामुळे नूतनीकरणाचा प्रश्नच येत नाही. आणि लष्कर असो की मोबाइल कंपनी, लहरींचं वाटप दूरसंचार विभागाच्या एकाच शाखेकडे, डब्ल्यूपीसीकडे आहे.

आता लेकीच्या लाइनचं. जून २०२५ मध्ये एनटीआयएने नियम बदलले, फायबरला असलेलं प्राधान्य काढलं आणि राज्यांना नव्याने प्रस्ताव मागवायला लावले. तेव्हा तिच्या घरी फायबरच येईल असं धरून चालू नका. उपग्रहाची किंवा बिनतारी सेवाही वाट्याला येऊ शकते. तिला सांगा, एफसीसीच्या ब्रॉडबँड नकाशावर आधी आपला पत्ता बघ. मग व्हर्जिनियाच्या गृहनिर्माण आणि समुदाय विकास खात्यातल्या ब्रॉडबँड कार्यालयाला लेखी विचार: आमच्या पत्त्याचं काम कोणत्या कंपनीला, कोणत्या तंत्राने आणि कधीपर्यंत? काम मिळाल्यापासून चार वर्षांत सेवा द्यावी लागते, ती तारीख मागून घे. उत्तर आलं की मला कळवा, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.