पहिल्यांदाच स्कीइंग करताना

प्रश्न : आम्ही देवगडचे. जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगचा एक दिवस ठरवलाय. बर्फ घरात कुणीच पाहिलेला नाही. मुलगी पंधरा वर्षांची आहे. काय सांभाळावं?

उत्तर : गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तुम्ही थेट किनाऱ्यावरून जाताय. पोहोचल्या दिवशी स्की बांधू नका, एक रात्र जाऊ द्या.

सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. पातळ, लांब मोज्यांचा एकच जोड घाला. दोन घातले की पाय आवळतो, रक्त अडतं आणि बोटं गार पडतात. बुटाची टाच जमिनीवर आपटून पाय मागे बसवा, मगच बकलं लावा. गुडघे पुढे वाकवल्यावर आत टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून मागा. बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने खरवडा, नाहीतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, नीट लागत नाही. बाइंडिंग किती घट्ट ते ठरवणारा आकडा वजन, उंची, वय पाहून लावतात. मुलीचा वेगळा लावून घ्याच. तो जास्त घट्ट असला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

उतारावर स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवा. या पाचरीनेच वेग आवरतो. भीतीने माणूस मागे झुकतो, आणि तिथेच फसतो, कारण पुढची टोकं हलकी होऊन वळत नाहीत. हलत्या होडीत उभं राहताना ठेवता तसे गुडघे सैल ठेवा, नडगी बुटाला पुढे टेकलेली.

गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, वरच्या अफरवाट शिखराकडे फक्त बघायला जा. तिथला उतार शिकाऊंसाठी नाही, हिमस्खलनाचा धोकाही असतो.